चिलटाची तेरीज

पुस्तकांची परीक्षणं येतात, नाटकांची येतात, हल्ली मिसळीचीसुद्धा येतात. पण प्लास्टिकच्या विमानाच्या किटचं परीक्षण मराठीत कोणी मनावर घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ही उणीव भरून काढण्याची पात्रता माझ्या अंगी आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. मी बी. कॉम. आहे, बँकेत कारकून आहे, आणि दुसऱ्याने केलेल्या बेरजेवर विश्वास ठेवायचा नाही याबद्दल मला वीस वर्षं पगार मिळतो आहे. टीकाकाराला याहून वेगळं काय लागतं?

ज्यांनी असं खोकं कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. खोक्यावर झकास चित्र असतं. आत राखाडी रंगाच्या चौकटी असतात आणि त्या चौकटींना, कैऱ्या देठाला लटकाव्यात तसे, विमानाचे पन्नास-साठ तुकडे लटकलेले असतात. तुकडा कापायचा, देठाची जागा कानशीने घासायची, दुसऱ्या तुकड्याला चिकटवायचा आणि शेवटी सगळं रंगवायचं. खोक्यावर ‘वय वर्षे ८ आणि पुढे’ असं छापलेलं असतं. पुढे म्हणजे कुठवर, ते छापलेलं नसतं. त्यामुळे सत्तेचाळिसाव्या वर्षी मी नियमात बसतो. आमच्या हिचं मत असं, की मी नियमात बसतो ते ठीक, पण जेवणाच्या टेबलावर बसू नये.

हे तुकडे तयार होतात मोदकासारखे. पोलादी साच्याची दोन अर्धुकं एकमेकांवर दाबून धरायची आणि आत वितळलेलं पॉलिस्टायरीन जोराने सोडायचं. साचा नवा असला की कळ्या रेखीव उठतात. झिजला की दोन अर्धुकांच्या फटीतून उकड बाहेर येते, तशी तुकड्याच्या कडेने प्लास्टिकची झालर येते. जिथे प्लास्टिक जाड असतं तिथे ते थंड होताना आक्रसतं आणि वर खळी पडते. खळी नटीच्या गालावर शोभते. विमानाच्या पंखावर पडली की तिच्यात लांबी भरावी लागते. लांबी म्हणजे तीच, जी रंगारी दाराच्या भेगांत भरतात आणि गॅरेजवाले मोटारीच्या पोचांत. वाळली की वॉटरपेपरने घासायची, आणि घासल्यावर कळतं की पुन्हा भरायला हवी.

प्रमाण बहात्तरास एक. सहा फुटी माणूस या हिशेबात बरोबर एक इंचाचा होतो, म्हणून इंग्रजांना ते सोयीचं वाटलं. १९३० च्या दशकात लाकडी मॉडेलांच्या स्कायबर्ड्स मालिकेने हे प्रमाण रुळवलं आणि १९३६ मध्ये फ्रॉगच्या ‘पेंग्विन’ मालिकेने ते प्लास्टिकमध्ये आणलं. पण या प्रमाणाचा एक दुष्परिणाम आहे. ज्याला प्रत्येक गोष्ट बहात्तराने गुणायची सवय लागली तो माणूस सुखाने झोपत नाही. किटमध्ये अर्धा मिलिमीटर चूक म्हणजे खऱ्या विमानात साडेतीन सेंटिमीटर. बँकेत दोन पैशांचा फरक शोधायला रात्री नऊपर्यंत बसणारी माणसं असत, त्या घराण्यातला मी. मला हे छंदासारखं वाटलं, घरच्यांना आजारासारखं.

या धंद्यात अपुरेपणा पहिल्यापासून आहे हे आधी मान्य केलं पाहिजे. एअरफिक्स ही यातली सगळ्यात प्रसिद्ध विलायती कंपनी. तिची स्थापना १९३९ ची, निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन निर्वासिताने केलेली. सुरुवातीला ती हवा भरलेली रबरी खेळणी करायची, मग कंगवे करू लागली. नाव ‘ए’ वरून ठेवलं ते व्यापाऱ्यांच्या यादीत पहिलं यावं म्हणून. हा माणूस आमच्या शाखेत कर्ज मागायला आला असता तर मी दारातच उठून उभा राहिलो असतो. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी त्यांनी एक छोटा ट्रॅक्टर केला. तो जोडून देणं महाग पडतं म्हणून पुढे तुकड्या-तुकड्यांनी विकला. म्हणजे कंपनीचं जोडण्याचं काम गिऱ्हाइकावर ढकललं, आणि गिऱ्हाइकाने वर पैसे मोजून आभार मानले! १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज आलं, वूलवर्थच्या दुकानात दोन शिलिंगांना, प्लास्टिकच्या पिशवीत. १९५३ मध्ये पहिलं विमान आलं, स्पिटफायर. ते मूळ विमान बघून केलेलं नव्हतं. ऑरोरा या अमेरिकन कंपनीच्या किटवरून उतरवलेलं होतं. वर्गातल्या शेजाऱ्याची वही बघून गणित सोडवलं की त्याची चूकही आपल्या वहीत येते. तसंच झालं, आणि पुढे त्यांना नवा साचा करावा लागला.

खोक्यावरच्या चित्रांबद्दल मात्र मी टोपी काढतो. १९६४ पासून दहा वर्षं एअरफिक्ससाठी रॉय क्रॉस यांनी जी चित्रं काढली त्यांना चित्र म्हणणंही कमी आहे. खाली शत्रूचं जहाज पेटलेलं, वर ढग फाटलेले, मधून आपलं विमान अंगावर येतंय. पुढच्या काही आवृत्त्यांत या चित्रांतले स्फोट आणि धूर पुसून टाकण्यात आले. कारण हे, की असलं काही खोक्यात नसतं. हे तत्त्व लग्नपत्रिकेला, राजकीय जाहीरनाम्याला आणि बँकेच्या कॅलेंडरावरच्या हसऱ्या कुटुंबाला लावून पाहावं असं मला फार वाटतं.

आता मुख्य विषय. मला करायचं होतं नॅट. इंग्रजीत नॅट म्हणजे चिलट. लढाऊ विमानाला सिंह, वाघ, गरुड अशी नावं ठेवायच्या जगात एका माणसाने चिलट हे नाव ठेवलं, तिथेच माझं मन बसलं. त्या माणसाचं नाव डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर. कॅनबेरा बॉम्बर त्याचाच. लढाऊ विमानं दर वर्षी जाड होत चालली आहेत, ती निम्म्या वजनात आणि निम्म्या खर्चात का होऊ नयेत, असा त्याचा सवाल होता. (आमच्या मुख्य कचेरीने हा सवाल कधी विचारलेला नाही.) नॅट पहिल्यांदा उडालं १८ जुलै १९५५ रोजी. पंखांचा विस्तार अवघा ६.७३ मीटर. आमच्या बँकेचं काउंटर याहून लांब आहे. त्यात एक ऑर्फियस जेट इंजिन, दोन्ही बाजूंच्या हवा घेणाऱ्या तोंडांपाशी एक-एक ३० मिलिमीटरची तोफ, आणि चाकं अशी की हवेत अर्धवट बाहेर काढली की ब्रेकचं काम करतात. एकाच माणसाकडे कॅश, पासबुकं आणि लॉकरची किल्ली दिलेली शाखा असते, तसं हे विमान. इंग्लंडच्या हवाई दलाने लढाऊ नॅट घेतलंच नाही. भारताने घेतलं, १९५६ मध्ये परवाना घेऊन बंगळुरात बनवलंही. आणि पेटरसाहेब? विमानं सोडून स्वित्झर्लंडला एका धार्मिक मंडळीत जाऊन राहिले. कमिटीच्या बैठकांना बसलेल्या कोणालाही यात आश्चर्य वाटणार नाही.

या नॅटची दोन किटं माझ्याकडे आहेत. कंपन्यांची नावं सांगत नाही. खातेदाराचं नाव बाहेर बोलायचं नाही ही सवय आता रक्तात गेली आहे.

पहिलं किट जुन्या साच्याचं. खोक्यावर लालभडक विमान आहे, कारण इंग्लंडच्या ‘रेड ॲरोज’ या कसरतीच्या पथकाने १९६५ ते १९७९ नॅटच वापरलं. किट जुनं असलं तरी खानदानी. शरीराचे दोन भाग एकमेकांवर ठेवले की ‘टक्’ असा आवाज येतो, जुन्या गोदरेजच्या कपाटासारखा. पंख खाचेत जातो आणि हलत नाही. दोष आहेत, पण सांगण्याजोगे विनोदी आहेत. अंगभर उठावदार रिव्हेट आहेत. एक मोजला, बहात्तराने गुणल्यावर खऱ्या विमानावर रुपयाच्या नाण्याएवढा भरला. म्हणजे हे विमान नव्हे, नाण्यांनी मढवलेली देवीची पालखी. दोन वैमानिक दिले आहेत. दोघांचेही हात मांडीत वितळून गेलेले, मान किंचित खाली, चेहरा नाही. ते विमान चालवत नसून सामुदायिक ध्यानाला बसले आहेत. पण एकंदर जोडणी अशी, की दोन संध्याकाळी पुरतात आणि लांबीचा डबा उघडावासुद्धा लागत नाही.

आणि इथेच माझा आक्षेप सुरू होतो. वाचकहो, दोन वैमानिक! हे नॅट शिकवणीचं आहे. मागे गुरुजी, पुढे विद्यार्थी. आपलं लढाऊ नॅट एका माणसाचं होतं.

ही अडचण मी दुकानदाराला सांगितली. तो समजूतदार होता. म्हणाला, “साहेब, मागची सीट लावूच नका. वरून चंदेरी रंग मारा, आपली तिरंगी चक्रं चिकटवा. झालं भारतीय नॅट. मोजायला कोण येतंय?”

मोजायला मी येतो. माझं पोटच त्यावर चालतं. शिकवणीच्या नॅटचा पंखविस्तार ७.३२ मीटर, लढाऊ नॅटचा ६.७३. बहात्तराने भागलं की पहिल्याचं मॉडेल १० सेंटिमीटर २ मिलिमीटर, दुसऱ्याचं ९ सेंटिमीटर साडेतीन मिलिमीटर. आठ मिलिमीटरचा घोळ. शिवाय नाक लांब, शेपूट मोठं, आणि मधोमध दुसऱ्या माणसासाठी वाढवलेलं अंग. सीट काढली म्हणून हे कमी होत नाही. सासरे गेले म्हणून घरातली त्यांची खोली थोडीच जाते?

कॉमर्सच्या पहिल्या वर्षी एक धडा असतो. बाकी सगळं विसरलो तरी तो विसरलो नाही. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असं नाही. नावे आणि जमा दोन्ही बाजूंची बेरीज रुपया-पैशापर्यंत सारखी येते, वर दुहेरी रेघ ओढता येते, आणि आत रक्कम भलत्याच माणसाच्या खात्यात पडलेली असते. न जुळणारी तेरीज चांगली. ती ओरडते. तिच्यापायी माणूस जागा राहतो. जुळलेली चुकीची तेरीज गप्प बसते आणि वर्षानुवर्षं कपाटात प्रतिष्ठेने राहते. चंदेरी रंग मारलेलं शिकवणीचं नॅट ही अशी तेरीज आहे. फट नाही, झालर नाही, खळी नाही, आणि विमान दुसरंच.

हे रिव्हेट मोजणाऱ्याचं खूळ आहे असं कोणी म्हणेल. रिव्हेट मी सोडून दिले. ते कानशीने जातात. सीटचं मात्र सोडता येत नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या विमानतळावर सहा सेबर विमानांनी हल्ला केला. धावपट्टीवर हल्ला चालू असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों नॅट घेऊन वर गेले आणि त्या विमानांना भिडले. परत आले नाहीत. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. भारतीय वायुसेनेला मिळालेलं ते आजवरचं एकमेव. दोन सीटच्या अंगात मागची सीट लावली नाही तर मागे एक रिकामी जागा दिसते. बघणाऱ्याला वाटतं, दुसरा माणूस यायचा राहिला असेल. त्या दिवशी कोणी यायचं राहिलं नव्हतं. त्या विमानात दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती.

तेव्हा दुसरं किट. हे पूर्व युरोपातलं, थोड्याच प्रती काढणाऱ्या छोट्या कारखान्याचं. किंमत मी घरी सांगितलेली नाही, इथेही सांगत नाही. हा संग्रह घरी येणार आहे. खोकं उघडल्याबरोबर व्हर्नियर लावला. पंखविस्तार ९ सेंटिमीटर साडेतीन मिलिमीटर. नाक बरोबर. शेपटीची उंची बरोबर. सीट एक. एवढं बघून मी कॅनॉपीच्या आकाराकडे वळलो, तीही बरोबर. म्हणजे ज्याने हा साचा केला त्याने नॅट खरंच पाहिलं होतं. मात्र ते पाहून झाल्यावर त्याची ताकद संपली असावी.

कारण यातलं काहीही कशालाही जुळत नाही. शरीराच्या दोन भागांना एकमेकांत अडकायला खुंट्या नाहीत. कुंडली न जमलेल्या जोडप्यासारखे ते हाताने धरून ठेवावे लागतात. वर डावा भाग उजव्यापेक्षा एक मिलिमीटर लांब, म्हणजे खऱ्या विमानात सात सेंटिमीटर डावीकडे जास्त. पंखाची मागची कड एवढी जाड, की तीही गुणली तर सात सेंटिमीटर येते. तिच्यावर पाट म्हणून जेवायला बसता येईल. डावीकडच्या तोंडाशी तोफेची नळी आहे, उजवीकडे नुसती खळी आहे. कॅनॉपी पापडाइतक्या पातळ पारदर्शक पत्र्यातून ओढून काढलेली. ती कात्रीने कापून घ्यायची. अशा दोन दिल्या आहेत. हे औदार्य नव्हे. पहिली तुम्ही बिघडवणार याबद्दल कारखान्याची खात्री आहे. माहितीपत्रकात चार आकृत्या आहेत. पहिल्या तीन सीट कशी बसवायची ते दाखवतात. चौथीत बाकीचं सगळं विमान आहे, आणि चहूबाजूंनी बाण.

या विमानात नाकात वजन घालावं लागतं, नाहीतर ते पुढचं चाक वर करून शेपटीवर बसतं, पाहुण्यांसमोर लहान मूल अंग टाकतं तसं. किती ग्रॅम, ते पत्रकात नाही. जागा शेंगदाण्याएवढी. घरातली जुनी नाणी कापून घालावीत असं मुलाने सुचवलं. नाणं कापणं कायद्याने गुन्हा आहे आणि बँकेच्या माणसाने तर तसा विचारही करू नये, हे मी त्याला वीस मिनिटं समजावून दिलं. शेवटी गळाला लावायचं शिसं आणलं, ठेचलं आणि कोंबलं.

मग लांबी. बँकेत फरक सापडेपर्यंत तो सस्पेन्स अकाउंटला टाकतात. लांबी हे विमानाचं सस्पेन्स अकाउंट. फरक एवढाच, की इथे ती घासून गुळगुळीत केली की ऑडिटर विचारत नाही. पंखाच्या सांध्यात लांबी, पोटाच्या सांध्यात लांबी, नाकाच्या डाव्या बाजूला घासणी आणि उजवीकडे लांबी. कपडे वाळत घालायचे घरातले सगळे चिमटे विमानाला लागलेले, आणि दोरीवरचे टॉवेल खालच्या मजल्यावर. एका टप्प्याला मला वाटलं, की यात कारखान्याचं प्लास्टिक कमी आणि माझी लांबी जास्त आहे. पण पंधरा दिवस त्या सांध्यांशी झटापट केल्यामुळे आज मला डोळे मिटून सांगता येतं, की नॅटचा पंख अंगाला कुठे भेटतो, पोट कुठे वळतं, शेपटीचा खालचा भाग कुठे निमुळता होतो. पहिल्या किटने मला यातलं काही शिकवलं नव्हतं. ते जोडायला नॅट माहीत असण्याची गरजच नव्हती.

जपानी किटं मी जोडली आहेत. ती इतकी अचूक असतात की खोक्यात सोल्यूशन ओतून खोकं हलवलं तर विमान तयार होऊन बाहेर यावं. त्यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. अचूकही असावं आणि जुळावंही, यात वाईट काय? पण त्यांचं एकआसनी नॅट माझ्या हाती लागलेलं नाही. तेव्हा प्रश्न या दोन किटांतच आहे, आणि माझा कौल दुसऱ्याला. पैसे जास्त, ताप जास्त, लांबीचा डबा वेगळा, तरी दुसऱ्याला. ज्याला शिकवणीचं लाल विमान करायचं आहे त्याने पहिलं खुशाल घ्यावं. ते त्याच विमानाचं किट आहे आणि उत्तम आहे. खोटं त्यात नाही, दुकानदाराच्या सल्ल्यात आहे.

आमच्या वाडीत एक काका आहेत. वायुसेनेत जमिनीवरच्या दुरुस्तीपथकात होते. ऐन उमेदीची काही वर्षं त्यांनी नॅटवर काम केलेलं. चंदेरी रंग वाळल्यावर मी विमान घेऊन त्यांच्याकडे गेलो. आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी ते पाहिलं त्यांनी वरून पाहिलं होतं. काकांनी हातात घेऊन आधी उलटं केलं आणि पोट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “अहो बँकवाले, हे इतकं स्वच्छ कधीच नसायचं. इथे तेलाचा ओघळ पाहिजे.” उजव्या बाजूची तोफ मी सुईच्या टोकाने कोरून काढली होती; तिच्यावर त्यांनी अंगठा फिरवला, पण काही बोलले नाहीत. शेवटी विचारलं, “नंबर कुठला टाकणार?”

मी म्हटलं, डेकलच्या कागदावर दोन विमानांचे आकडे आहेत, त्यातला एक.

त्यांनी तिसराच सांगितला. चार आकडी. कोणाचं विमान होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घरी येऊन डेकलचा कागद काढला. पाण्यात भिजवून, एकेक आकडा ब्लेडने सुटा करून, कुंचल्याच्या टोकावर उचलून बसवायचा. तीन आकडे कागदावर मिळाले. चौथा नऊ हवा होता आणि दोन्ही नंबरांत मिळून नऊ कुठेच नव्हता. सहा होता. तो उलटा केला आणि बसवला. बँकेत हे केलं असतं तर खातेनिहाय चौकशी लागली असती.